युद्धपटांतील सवंगडी

निवृत्त शाळामास्तरानें बोलावें तें व्याकरणावर किंवा शिस्तीवर, बोलपटांवर बोलूं नये, असा एक समज आहे. माझी त्यास फारशी हरकत नाहीं. तथापि गेल्या पन्नास वर्षांत जे बोलपट मीं पाहिले त्यांपैकीं बहुतेक विसरून गेलों. कित्येकांचीं नांवेंहि आतां आठवत नाहींत. युद्धावरील कांहीं थोडे बोलपट मात्र मनांतून हालत नाहींत. हा अनुभव माझ्या एकट्याचा नाहीं. १९६४ सालचा ‘हकीकत’ किंवा १९९७ सालचा ‘बॉर्डर’ दूरचित्रवाणीवर लागला, कीं आजोबांपासून नातवापर्यंत सारें घर हातचें काम टाकून बसतें. कथा पाठ असते. कोण कोठें पडणार हेंहि ठाऊक असतें. तरी मंडळी उठत नाहींत. असें कां व्हावें, याचा आज आपणांबरोबर थोडा विचार करावा असें योजिलें आहे.

युद्धपटांच्या ढोबळ मानानें दोन जाती आहेत. एकींत एकटा वीर असतो आणि बाकीचे लोक त्याच्यामागें धूळ उडविण्यापुरते असतात. दुसरींत एक तुकडी असते. सातजण, दहाजण, कधीं एक सबंध कंपनी. आणि त्यांतील प्रत्येकाला स्वतःचा चेहरा, स्वतःची बोली, एखादी खोड आणि नेमून दिलेलें एक काम असतें. पहिल्या जातीचा बोलपट त्यांतील नटाबरोबर म्हातारा होतो. दुसऱ्या जातीचा टिकून राहतो, आणि माझें आजचें बोलणें त्याच्यापुरतेंच आहे.

या दुसऱ्या जातीची घडण पाहावयाची तर जपानकडे वळलें पाहिजे. अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ हा चित्रपट १९५४ सालीं निघाला. त्यांत राजांचें युद्ध नाहीं. एका गरीब खेड्याचें दरोडेखोरांशीं युद्ध आहे. पीक हातीं आलें कीं दरोडेखोर येणार हें गांवाला ठाऊक असतें, म्हणून गांवकरी योद्धे मिळवावयास शहरांत जातात. द्यावयास त्यांच्यापाशीं भाताखेरीज कांहीं नाहीं. आणि तो भात योद्ध्यांस वाढून घरचीं माणसें स्वतः हलक्या धान्यावर राहतात. आम्हां भंडाऱ्याच्या धानपट्ट्यांतील लोकांस हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाहीं. चित्रपट जवळजवळ साडेतीन तासांचा आहे, आणि त्यांतील पहिला मोठा भाग केवळ माणसें जमविण्यांत जातो. एक पोक्त सेनानी एका मुलाचा जीव वांचविण्यासाठीं, भिक्षूचा वेष घेतां यावा म्हणून, आपली मानाची शेंडी भादरून टाकतो. दुसरा एकजण लांकडें फोडतांना सांपडतो. तिसरा तरवारीचा असा धनी, कीं तो जवळजवळ बोलतच नाहीं. आणि सातवा तर मुळीं सामुराईच नाहीं; तो शेतकऱ्याचा पोर आहे, व तें लपविण्यासाठीं सर्वांत अधिक आरडाओरड तोच करतो. लढाई ऐन भरांत येईपर्यंत हे सातहि जण आपल्या ओळखीचे झालेले असतात. मग त्यांतील चौघे पडतात, आणि चौघेहि तरवारीनें नव्हे, बंदुकीच्या गोळीनें पडतात. ज्या विद्येनें ते मोठे झाले ती त्यांना वांचवूं शकत नाहीं. शेवटीं उरलेले तिघे मातीच्या चार ढिगांपुढें उभे असतात, आणि खालीं खेड्यांतील माणसें गात गात रोवणी करीत असतात.

पुढच्या कित्येक युद्धपटांत हीच घडण दिसते. माणसें गोळा होतात, काम वांटून घेतात, एका अरुंद जागीं उभीं राहतात आणि एकेक करून कमी होतात. माझ्या मतें यांत सर्वांत मोलाचा भाग काम वांटून घेण्याचा. १९६३ सालचा ‘द ग्रेट एस्केप’ हा इंग्रजी चित्रपट पाहा. जर्मनांच्या कैदेंतील दोस्त राष्ट्रांचे वैमानिक भुयार खणून पळाले, ही मार्च १९४४ मधील खरी घटना. ७६ जण बाहेर पडले. त्यांपैकीं ७३ पुन्हां पकडले गेले, आणि पकडलेल्यांतील ५० जणांस हिटलरच्या हुकुमावरून गोळ्या घालण्यांत आल्या. निसटून सुखरूप पोंचले ते तिघेच. एवढा फसलेला बेत लोक साठ वर्षें आवडीनें कां पाहतात? याचें कारण पडद्यावर आपण पळापळ पाहत नाहीं, एक कारखाना पाहतों. एकजण माती खणतो, दुसरा ती विजारींत दडवून बागेंत सांडतो, तिसरा खोटे दाखले लिहितो, चौथा घोंगड्यांचे कोट शिवतो. दाखले लिहिणाऱ्याची दृष्टि जात चालली आहे. खणणाऱ्याला बंद अंधाऱ्या जागेचें भय वाटतें. शूर असा कोणी दिसतच नाहीं, सारे कामांत असतात. शेवटच्या बांकावर बसणाऱ्या मुलासहि असें वाटतें, कीं यांतलें अमुक एक काम मला जमलें असतें. एकट्या वीराचा चित्रपट हें समाधान कधीं देऊं शकत नाहीं. तेथें आपल्या वांट्याला फक्त टाळ्या येतात.

हें परदेशी खूळ आहे असें मात्र कोणीं समजूं नये. गीतेचा पहिला अध्याय उघडून पाहावा. लढाई जुंपण्यापूर्वीं व्यासांनीं शंखांची ओळख करून दिली आहे. कृष्णाचा पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौंड्र, युधिष्ठिराचा अनंतविजय, नकुलाचा सुघोष, सहदेवाचा मणिपुष्पक. रणांगणावर हे सारे एकदम वाजणार आणि कोणाचा कोणता हें कोणास कळणार नाहीं. तरी प्रत्येकाचें नांव सांगितल्यावांचून कवीला राहवत नाहीं. मुलांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. मला तो अध्यायांतील फार महत्त्वाचा भाग वाटतो.

आमच्या झाडीपट्टींत तर समूहाचा खेळ हीच मुख्य करमणूक. धानाची कापणी उरकली, दिवाळी झाली, कीं भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या बाजूच्या गांवागांवांतून मंडई भरते आणि रात्रभर नाटकें चालतात. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या हंगामभर फिरतीवर असतात. जुनी दंडार याहून मोकळी. अशा खेळाला माणसें उजाडेपर्यंत बसून राहतात तीं कांहीं एका नटासाठीं नव्हे. कोणाला खलनायकाचा प्रवेश हवा असतो, कोणाला विनोदी पात्राचा, म्हाताऱ्यांना गाण्याचा, आणि बायकांना शेवटल्या अंकांतील रडण्याचा. ज्यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली ते परशुराम खुणे याच रंगभूमीचे नट. अशा प्रेक्षकांपुढें युद्धपटांतील कडक सुभेदार, थट्टेखोर शिपाई, स्वयंपाकी, नुकतें मिसरूड फुटलेला पोरगा हे सारे आले, कीं ते परके वाटत नाहींत. माझ्या लहानपणीं गांवाबाहेर फिरत्या चित्रपटाचा तंबू लागे. दुसऱ्या दिवशीं मुलें तोच खेळ खेळत, आणि नायक कोणीं व्हावयाचें यावरून हमखास मारामारी होई. ‘हकीकत’ आला त्या वेळीं ती झाली नाहीं. शिपाई पुष्कळ होते, आणि प्रत्येकाला हवा तो मिळाला.

मराठी चित्रपटानें ही गोष्ट फार लौकर ओळखली होती. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें १९२३ सालीं कोल्हापुरास हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, आणि १९३३ सालीं प्रभात कंपनीनें तीच कथा बोलकी केली. नायक तानाजी खरा; परंतु १६७० च्या फेब्रुवारींतील त्या रात्रीची कथा त्याच्या एकट्याची नाहीं. तानाजी पडतो, मावळे मागें फिरतात, सूर्याजी परतीचे दोर कापून टाकतो, आणि म्हातारा शेलारमामा उदयभानूवर धांवून जातो, असें परंपरा सांगते. नायक मध्येंच मेल्यावर जी कथा थांबत नाहीं ती समूहाची कथा. मूकपटांत हा शेलारमामा व्ही. शांताराम यांनीं केला होता. तेव्हां त्यांचें वय बावीसच्या पलीकडे नव्हतें. दहा वर्षांनीं बोलपटाचें दिग्दर्शनहि त्यांनींच केलें. तानाजी झालेल्या नटाकडे नव्हे, शेलारमामा झालेल्या नटाकडे ती कथा पुन्हां गेली, ही गोष्ट मला उगीचच आवडते. अलीकडे २०२२ सालीं दिग्पाल लांजेकर यांचा ‘पावनखिंड’ आला. त्यांत अजय पूरकर यांचे बाजीप्रभु आहेत; पण शिवा काशिदाला आणि बांदलांच्या माणसांनाहि त्यांचा त्यांचा वेळ दिलेला आहे. मला चित्रपटांतील तरवारबाजी थोडी अधिकच वाटली. हा वेळ मात्र योग्य जागीं खर्च झाला.

येथें माझ्या धंद्यांतला एक अनुभव सांगतों. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं नेसरीजवळ प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. सात हा आंकडा महाराष्ट्रांतील मुलांस पाठ आहे. कुसुमाग्रजांच्या कवितेनें तो घरोघर पोंचविला. मी वर्गांत दरवर्षीं विचारीत असें, ‘प्रतापरावांखेरीज उरलेल्या सहांचीं नांवें सांगा.’ एकहि हात वर येत नसे. दोष मुलांचा नव्हता. त्या सहांच्या नांवांच्या ज्या याद्या सांगितल्या जातात त्या बहुतांशीं परंपरेच्या आधारावर आहेत, आणि क्रमिक पुस्तकांत त्या क्वचितच येतात. सातांपैकीं सहाजण आंकड्यांतच राहून गेले.

युद्ध माणसाचें हेंच करतें. सातारा, रत्नागिरी इकडील कित्येक गांवांत पहिल्या महायुद्धानंतर सरकारनें बसविलेल्या लहानशा पाट्या अजून दिसतात. या गांवांतून इतकीं माणसें १९१४ ते १९१९ च्या युद्धास गेलीं आणि त्यांतील इतकीं मृत्यु पावलीं, एवढाच मजकूर. कोण गेलें, कोण परत आलें नाहीं, हें पाटी सांगत नाहीं. गांवाला तेव्हां तें ठाऊक होतें. शंभर वर्षांनीं गांवहि विसरला आणि दगडावर बेरीज तेवढी उरली. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नांवें आहेत हें खरें, पण तीं वाचावयास इतक्या उंच मान कोण करतो? कोरेगांव भीमा येथील स्तंभाची गोष्ट निराळी. १ जानेवारी १८१८ च्या लढाईंत पडलेल्या शिपायांचीं नांवें त्यावर कोरलेलीं आहेत, आणि अनेक नांवांच्या शेवटीं ‘नाक’ हा महार शिपायांच्या नांवांचा प्रत्यय वाचतां येतो. नुसती बेरीज कोरली असती तर तेथें दरवर्षीं लाखो माणसांनीं जाऊन उभें राहावें असें कांहीं राहिलें नसतें, असें मला वाटतें.

चांगला समूहाचा युद्धपट पाटीवरचें हें गणित उलटें चालवितो. तो आंकडा हातीं घेतो आणि त्याचीं माणसें करतो. लोक पुन्हां पुन्हां जातात तें यासाठीं. तोफांच्या आवाजासाठीं जाणारे एकदां जाऊन येतात.

‘हकीकत’ हें याचें आपल्याकडील सर्वांत प्रामाणिक उदाहरण. १९६२ च्या चिनी आक्रमणांत आपला पराभव झाला. त्यास दोन वर्षें होतात न होतात तोंच चेतन आनंद यांनीं लडाखांत जाऊन त्या पराभवावर चित्रपट केला. जिंकलेली लढाई दाखविणें सोपें असतें. हरलेली दाखवावयास दुसरेंच धैर्य लागतें. बलराज साहनी, धर्मेंद्र, जयंत, विजय आनंद, सुधीर, संजय खान असे कितीतरी नट त्यांत आहेत, पण चित्रपट कोणा एकाचा होत नाहीं. एक तुकडी मुख्य सैन्यापासून तुटते, मागें हटत हटत लढते आणि पाहतां पाहतां विरळ होते. चित्र कृष्णधवल आहे. उघडे डोंगर आणि आकाश यांच्यामध्यें शिपाई ठिपक्याएवढा दिसतो, आणि त्या ठिपक्याचा माणूस करण्याचें काम मदनमोहन यांच्या संगीतानें केलें आहे. कैफी आझमी यांचें एक गीत त्यांत आहे. घरापासून दूर बसलेले जवान आपापल्या माणसाची आठवण काढतात. चाल एक आहे, पण ती चार गळ्यांत वांटली आहे: महंमद रफी, मन्ना डे, तलत महमूद आणि तेव्हां अगदीं नवे असलेले भूपिंदर. एकट्या रफींनीं तें गाइलें असतें तर कदाचित् अधिक सफाईदार झालें असतें. पण मग तें एका शिपायाचें गाणें झालें असतें. चार आवाज आल्याबरोबर ऐकणारा नकळत मोजूं लागतो. हा एक, हा दुसरा, याच्या घरीं कोण असेल, त्याच्या घरीं कोण असेल. पुढें माणसें पडूं लागतात तेव्हां ती मोजदाद आपल्या अंगावर येते.

या चित्रपटामागें रेझांग ला येथील लढाईची छाया आहे असें पुष्कळांनीं म्हटलें आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं मेजर शैतानसिंग यांच्या हाताखालील कुमाऊं पलटणीची एक कंपनी तेथें लढली. सुमारें १२० जणांपैकीं ११४ धारातीर्थीं पडले. हिंवाळा सरल्यावर त्यांचीं शरीरें बर्फांत सांपडलीं, तेव्हां कित्येकांच्या हातांत शस्त्र तसेंच होतें. मेजर शैतानसिंगांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. आपले साहित्यशास्त्रकार वीररसाचा स्थायीभाव उत्साह सांगतात आणि करुणाचा शोक. ‘हकीकत’ पाहतांना हे दोन रस वेगळे काढूं म्हटलें तर निघत नाहींत. शोक आधींच सुरू झालेला असतो, आणि उत्साह त्याच्या हाताला धरून चालतो.

आतां ‘बॉर्डर’. जे. पी. दत्ता यांचा हा चित्रपट मला आवडतो, आणि त्याच्याशीं माझें भांडणहि आहे. १९७१ च्या डिसेंबरांत, ४ तारखेच्या रात्रीं, जैसलमेरच्या वाळवंटांतील लोंगेवाला ठाण्यावर पाकिस्तानी रणगाडे चालून आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्यापाशीं सुमारें १२० जवान होते. त्यांनीं रात्रभर ठाणें धरून ठेवलें आणि उजाडतांच आपल्या हंटर विमानांनीं रणगाड्यांचा फडशा पाडला. चित्रपटांत या रात्रीं आपल्या लाडक्या शिपायांपैकीं बरेच मरतात. प्रत्यक्षांत आपल्या बाजूचे दोन जवान कामास आले, असें या लढाईचे वृत्तांत सांगतात. त्याहून विलक्षण गोष्ट भैरोंसिंग यांची. सुनील शेट्टी यांनीं रंगविलेला सीमा सुरक्षा दलाचा हा जवान पडद्यावर सुरुंग घेऊन रणगाड्यावर झेप घेतो आणि वीरमरण पत्करतो. खरे भैरोंसिंग राठोड त्या लढाईंतून वांचले. त्यांना सेनापदक मिळालें. निवृत्तीनंतर ते राजस्थानांत राहिले, आणि १९ डिसेंबर २०२२ रोजीं जोधपुरास वारले. म्हणजे पंचवीस वर्षें सारा देश त्यांच्या मरणावर रडत होता आणि ते जिवंत होते.

चित्रपट म्हणजे इतिहास नव्हे, हें उत्तर मला ठाऊक आहे. कथेच्या सोयीसाठीं दोन दिवसांचा एक दिवस करावा, दोन माणसांचा एक करावा. नाटककार हें करीतच आले. परंतु ज्या चित्रपटाची सारी शक्ति प्रत्येक माणसाला त्याचें नांव देण्यांत आहे, त्यानें जिवंत माणसाचें खरें नांव घेऊन त्याला मारावें, हें मला पटत नाहीं. कल्पित नांव दिलें असतें तर प्रेक्षकांचे अश्रु एका थेंबानेंहि कमी झाले नसते. ‘द ग्रेट एस्केप’मध्येंहि असेंच घडलें आहे. मोटरसायकलीवरून तारेचें कुंपण ओलांडूं पाहणारा त्यांतील अमेरिकन जगभर गाजला. प्रत्यक्ष पळालेल्या ७६ जणांत अमेरिकन सेनेंतील कोणी नव्हता. मात्र तो चित्रपट गोळ्या घातलेल्या त्या पन्नास जणांस अर्पण केलेला आहे. उडी खोटी असली तरी पन्नास हा आंकडा त्यांनीं खोटा केला नाहीं.

या चित्रपटांमुळें पोरांना युद्धाची गोडी लागते, असा एक आक्षेप घेतला जातो. गोडी लागते ती सोबतीची, असें मी म्हणेन. पण आक्षेप अगदींच पोकळ नाहीं, कारण सोबतीची गोडी लावून मागच्या दारानें युद्धहि गोड करून टाकतां येतें. याची खूण एकच. समोरच्या बाजूला माणसें आहेत कीं नुसती गर्दी आहे, तें पाहावें. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील १९४४ च्या स्वारीवर १९६२ सालीं ‘द लाँगेस्ट डे’ निघाला, त्यांत जर्मन अधिकारी जर्मन भाषेंत बोलतात, चुका करतात, चिडतात, हताश होतात. आपल्या चित्रपटांत शत्रूला बहुधा शिव्या खाण्यापुरतें तोंड असतें. कुरोसावांचे दरोडेखोरहि बिनचेहऱ्याचे आहेत, हेंहि कबूल केलें पाहिजे.

दुसरी उणीव आम्हां भंडाऱ्याच्या लोकांनाच जाणवेल अशी आहे. आमच्या गांवापासून जवळ जवाहरनगर येथें दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. १९६२ च्या युद्धानंतर, ‘हकीकत’ पडद्यावर आला त्याच सुमारास, तो उभा राहिला. तेथील वसाहतींत हिंदुस्थानच्या साऱ्या प्रांतांतील माणसें राहत आलीं. युद्धपटांत एकाच खंदकांत बंगाली, पंजाबी, मद्रासी, मराठी शिपाई बसलेले दाखवितात, आणि शहरांतील टीकाकार त्याला साचेबंद म्हणून हंसतात. आम्हांला तें हंसूं येत नाहीं. बाजाराच्या दिवशीं भाजीच्या दुकानापुढें तसा खंदक आम्हीं रोज पाहिलेला आहे. २४ जानेवारी २०२५ रोजीं या कारखान्यांत स्फोट झाला, इमारतीचें छत कोसळलें आणि आठ कामगार मरण पावले. त्या दिवशीं बातमी आली ती आधीं आंकड्याच्या रूपानें. पहिला आंकडा लहान होता, मग तो वाढत गेला, आणि नांवें त्याच्या मागून आलीं. ज्या घरांतील माणूस पहिल्या पाळीला गेला होता त्या घरांना आंकडा ऐकून काय झालें असेल तें सांगावयास नको.

आतां युद्धपटांतील मंडळी आठवून पाहा. सुभेदार आहे, तारायंत्रवाला आहे, डॉक्टर आहे, वैमानिक आहे, पत्राची वाट पाहणारी बायको आहे, आई आहे. गोळ्यांत दारू भरणारा मनुष्य कोठें आहे? बंदूक झडली कीं टाळ्या पडतात; ती गोळी कोणाच्या तरी हातांतून आलेली असते, हें एकाहि चित्रपटानें मला दाखविलेलें नाहीं. ‘द ग्रेट एस्केप’ हा कारखान्याचा चित्रपट म्हणून इतका रंगतो, तर खऱ्या कारखान्याची तुकडी पडद्यावर उभी करावयास काय हरकत आहे? पाळीचा भोंगा, खिशांतली काडेपेटी फाटकावर काढून ठेवणें, घरीं कामाबद्दल फारसें न बोलणें, हें सारें नाट्यच आहे. एखाद्या लेखकानें जवाहरनगरच्या वसाहतींत महिनाभर राहून पाहावें.

अशा वाट पाहत पडलेल्या कथा आपल्याकडे थोड्या नाहींत. दुसऱ्या महायुद्धांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि दोघेहि इटलींत लढले. नाईक यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजीं शत्रूचें ठाणें एकट्यानें घेऊन तेथेंच पडले. त्यांचें सारें पथक त्यापूर्वींच बाद झालें होतें. शिपाई नामदेव जाधव हे निरोप्याचें काम करीत. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीच्या कांठीं त्यांच्या कंपनीची धूळधाण उडाली, तेव्हां दोन जखमी सोबत्यांना त्यांनीं खोल पाण्यांतून, उंच बांध चढून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यांतून सुरक्षित जागीं नेलें. मग परत जाऊन मशीनगनचीं तीन ठाणीं बंद पाडलीं, आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना करून मागच्या तुकड्यांना हातानें खुणावलें. या प्रसंगावरचा मराठी चित्रपट माझ्या पाहण्यांत नाहीं. कोणी काढूं म्हणेल, तर तो नामदेव जाधवांचा एकट्याचा करण्याचा मोह त्याला होईल, आणि तो त्यानें आवरावा. ज्यांना उचलून आणलें ते दोघे त्या सन्मानपत्रांत नुसते दोन जखमी शिपाई आहेत. चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या तासांतच त्यांना कांहीं तरी काम देऊन ठेवावें. एकाला सर्वांचीं पत्रें वाचून दाखवावयास लावावें, आणि दुसऱ्याकडे चहाचें आधण सोंपवावें.